लाभ, दोन, तीन

नवऱ्याचा, हितेंद्रचा, बंदरावरून तिसरा फोन आला तेव्हा मोहिनी ऋतिकाच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. कपाळ गरम होतं, पण पहाटेइतकं नाही. की तिचा स्वतःचा हातच गार पडला होता, ते तिला कळेना. सव्वा वर्षाच्या पोरीचा ताप आपल्याच हातानं मापायचा आणि आपल्याच हातावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिचं कालपासून चाललं होतं.

"काट्यावर वजन जास्त आलं," हितेंद्र म्हणाला. मागे ट्रकांचे हॉर्न होते, कोणीतरी हिंदीत ओरडत होतं. "दोनशे तीस किलो."

"कशापेक्षा जास्त?"

"आपण लिहिलंय त्याच्यापेक्षा. संगणकानंच गाडी बाजूला काढली. आता कस्टमचे साहेब म्हणतात, तीन वाजेपर्यंत दुरुस्ती टाका. पेट्यांचा खरा आकडा, कारणासकट. नाही टाकला तर दार उघडून सगळ्या पेट्या बाहेर काढून मोजणार."

"बाहेर? उन्हात?"

कंटेनरच्या आत तेरा अंश थंडी होती आणि त्या थंडीत केळी झोपलेली होती. दार उघडलं की ती जागी होणार, हे त्यांच्या गावात, असोद्यात, शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. एक घड पिवळा झाला की शेजारचा त्याच्या वासानं पिकतो, मग त्याच्या शेजारचा.

"पाच वाजता जहाजाचं गेट बंद," हितेंद्र म्हणाला. "पुढचं आठ दिवसांनी. आणि मोहिनी, आकडा असाच अंदाजानं टाकू नको. चुकीचा निघाला तर खोटी माहिती दिली असं धरतात. आबांच्या नावाचा निर्यातीचा परवाना अडकेल."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

एक हजार पाचशे चाळीस. हा पेट्यांचा आकडा निर्यातीच्या अर्जात तिनं स्वतःच्या बोटांनी टाकला होता, बुधवारी दुपारी, ऋतिकाला मांडीवर झोपवून, एका हातानं. आणि गुरुवारी गाडी भरल्यावर वजनाच्या रकान्यात तिनं गुणाकार टाकला होता: एका पेटीचं वजन गुणिले पेट्या. तसं चालतं, असं नियमातच लिहिलं होतं. पण जळगावच्या वजनकाट्यावर गाडी नेली असती तर गुरुवारीच कळलं असतं. काट्यावर रांग होती, पोरगी रडत होती, म्हणून तिनं गुणाकार केला. हे हितेंद्रला माहीत होतं. घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

मधल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "मोहिनी, कोनाचा फोन व्हता वं?"

उद्या घरात कानबाई देवी बसणार होती. घर रंगवून झालं होतं, पितळ घासून झालं होतं, थोरले दीर नवीनभाऊ आणि जाऊ किरणताई जळगावहून कालच येऊन राहिले होते. सासूबाई, सुनंदाबाई, सोवळ्यात, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मापायला बसत होत्या.

"यांचाच होता, अक्का," मोहिनी म्हणाली. आणि ऋतिकाला उचलून ओट्यावर गेली, कारण सांगायचं ते एकदाच आणि सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

ओट्यावर सासरे, तोतारामआबा, सुपारी कातरत होते. मोबाईलवर केळीचे दिल्लीचे भाव बघत नवीन बसला होता. मोहिनीनं सांगितलं. गुणाकाराचंही सांगितलं. ते सांगताना तिनं आबांकडे पाहिलं नाही, अडकित्त्याकडे पाहिलं. अडकित्ता थांबला.

नवीनच आधी बोलला. आवाज चढवून नाही, ते जास्त वाईट होतं.

"आखाजीच्या सणाला याच ओट्यावर मी काय म्हणालो होतो? मुंबईचा एजंट सात कागद सात ठिकाणी करतो, करू दे. सात माणसं बघतात. एकाची चूक दुसरा धरतो. तुम्ही म्हणालात, नको, आता एकदाच भरायचं, एकाच खिडकीत, आणि ते आपोआप सगळीकडे जातं. गेलं ना सगळीकडे?"

"भाऊ, मागच्या वर्षी त्या सात कागदांनीच..." मोहिनी म्हणाली.

"मागच्या वर्षीचं नको काढू."

पण ते निघालंच होतं. मागच्या वर्षी आबांच्या वडिलांच्या नावातल्या झ ला, झुलालच्या झ ला, एका कागदावर इंग्रजी झेड लागला होता आणि दुसऱ्यावर जे. तोताराम झुलाल हा एकच माणूस आहे, हे पटवायला चार दिवस गेले. चार दिवस कंटेनर बंदरावर उभा होता आणि त्यातला थंडीचा पंखा दुसऱ्या दिवशी बंद पडला होता. दार उघडलं तेव्हा आत केळी सडली होती आणि आबा स्वतः तिथे होते. परत आल्यावर त्यांनी आंघोळ केली, पुन्हा केली. तेव्हापासून त्यांनी केळं तोंडाला लावलं नव्हतं. त्या चार दिवसांनंतरच मोहिनीनं, धुळ्याच्या कॉलेजातल्या एम. कॉम.नं, हा कागदांचा उद्योग अंगावर घेतला होता.

"आता वजन काहून वाढलं, ते सांगा," आबा म्हणाले. "पेट्या जास्त गेल्या का पेट्या जड झाल्या?"

"पेट्या आपल्या काट्यावरच भरतात, आबा," नवीन म्हणाला. "एकीत थोडं कमी, एकीत थोडं जास्त, बेरीज जुळते. गाडी भरताना उभं कोण होतं, ते विचारा."

सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी हितेंद्र कृषी खात्याच्या दाखल्यासाठी जळगावला होता, नवीन बाजारात. शिंदखेड्याहून मोहिनीचा भाऊ दीपक आला होता, भाचीला बघायला. तो शेडवर उभा राहिला आणि त्यानं गाडी भरून दिली.

"लाव त्याला फोन," नवीन म्हणाला. "आवाज मोठा कर."

मोहिनीनं लावला. मनात म्हणत होती, उचलू नको. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"हां ताई! भाची कशी शे?"

"बरी आहे. दीपक, गुरुवारी पेट्या किती भरल्या?"

"पंधराशे चाळीस. तू सांगं तेवढ्याच. काबरं?"

"नक्की? मोजल्या होत्या?"

"बठ्ठ्या मोजीसनच भऱ्या ना! शंभर-शंभरना हिशोबमा. वहीमा लिखेल शे. काय व्हयनं, ताई? तुना आवाज आसा का येस?"

"वाढल्यात म्हणे," नवीन फोनकडे वाकून म्हणाला. "पाहुणे, तुम्ही मोजत होता की गप्पा मारत होता?"

दीपक अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, "मी मोजल्या, भाऊ." त्याला राग आला की तो शुद्ध बोलायचा. मोहिनीनं फोन बंद केला.

"एजंटाला फोन करतो मी," नवीन उठला. "गाडी मागे घेऊ, त्याच्या गोदामात सावलीत मोजू. जहाज जाईल तर जाऊ दे. पण आबांच्या सहीनं खोटा आकडा जाणार नाही." आणि कोणी काही म्हणायच्या आत तो घरात गेला, देव्हाऱ्यातला डबा उघडला आणि सहीची काडी खिशात टाकली.

सहीची काडी म्हणजे आबांची डिजिटल सही असलेली, पेनड्राइव्हसारखी वस्तू. ती लॅपटॉपला लावल्याशिवाय तोताराम झुलाल या नावानं एक अक्षरही पुढे जात नसे. आणली त्या दिवशी सुनंदाबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं होतं. अजून तिच्या खाचेत हळद होती.

आतल्या खोलीत नवीन खाटेवर बसला. एजंटाचा नंबर त्यानं काढला, पण लावला नाही.

सगळ्यांना वाटत असेल, याला आनंद झालाय. किरणलाही वाटत असेल. कोणाला सांगणार की मागच्या वर्षी बंदरावर आबांच्या बरोबर तो होता, हितेंद्र नव्हे? दार उघडल्यावर वास आला तेव्हा आबांनी त्याचा हात धरला होता. लहान पोरानं धरावा तसा. तेव्हापासून त्याला हजारदा वाटलं होतं की पुन्हा असं झालं तर आबा परत येणार नाहीत. येतील, पण आबा म्हणून येणार नाहीत.

गाडी मागे घेतली तर दोन दिवस. दोन दिवसांनी ती केळी कोण घेणार? तेही त्याला माहीत होतं. पण ते वाईट ओळखीचं होतं. आकडा टाकून वाट बघायची, हे वाईट त्यानं कधी बघितलं नव्हतं. खिशातली काडी त्यानं चाचपली. तिचं टोक मांडीला टोचत होतं.

मधल्या खोलीत सुनंदाबाईंनी दुसऱ्यांदा सूप पुढे ओढलं. पहिल्यांदा मापायला बसल्या आणि ओट्यावर वाद सुरू झाला म्हणून हात थांबला. रोटाचे गहू मापताना हात थांबला की गहू परत ओतायचे आणि पहिल्यापासून मापायचं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं एकेक माप, वर चिमूट. यात खंड येऊ नये. त्यांच्या सासूच्या काळात एकदा आला होता, त्या वर्षी धाकटा दीर गेला. हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

मोहिनी येऊन दाराशी बसली, पोर खांद्यावर. तिचं तोंड बघून सुनंदाबाईंना वाटलं, हिला काही विचारू नये. हात चालू ठेवावा.

त्यांनी पहिलं माप भरलं, पाटावर ओतलं.

"लाभ."

दुसरं. "दोन, नवीनचं."

तिसरं. "तीन, हितेंद्रचं. चार, नवीनच्या पोराचं."

"अक्का," मोहिनी म्हणाली. "एक कोणाचं?"

"काय?"

"एक म्हणाला नाहीत तुम्ही. लाभ म्हणालात, मग एकदम दोन."

सुनंदाबाईंनी माप खाली ठेवलं. दुसऱ्यांदा मोडलं. पण सुनेचा आवाज असा होता की रागावता येईना.

"लाभ म्हंजे एकच ना वं. एक म्हनू नही, लाभ म्हनाव. पयलं माप यांचं." त्यांनी ओट्याकडे हनुवटी केली. "मी काय यांचं नाव घेऊ? लाभ म्हटलं का झालं. चाळीस वर्सं झाली मले."

मोहिनी उठलीच. ऋतिकाची मान सावरत ती उभी राहिली.

"आमच्याकडे तसं नाही, अक्का. शिंदखेड्याला खळ्यावर आमचे वडील लाभ म्हणून पहिलं माप बाजूला काढायचे. देवाचं. मग एक. लाभ, एक, दोन."

"मंग ते लाभाचं मोजत नही?"

"मोजत नाहीत."

सुनंदाबाईंनी गव्हाच्या ढिगाकडे बघितलं. मग सुनेकडे. त्यांना हिशेब येत नव्हता, पण घर कुठे फाटतं हे त्यांना लगेच कळायचं. "म्हंजे तुझा भाऊ..."

"शंभर-शंभर मोजल्या म्हणाला. प्रत्येक शंभराला नव्यानं लाभ म्हटलं असेल." ती बोटं मोजत नव्हती, ओठ हलवत होती. "पंधरा शेकडे. आणि वरचे चाळीस. सोळा वेळा. सोळा पेट्या जास्त, अक्का. पंधराशे छप्पन्न."

"दोनशे तीस किलो व्हतीन का सोळांचे?"

"होतात. साधारण होतात."

"साधारण," सुनंदाबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मोहिनी परत खाली बसली.

कारण अधिकाऱ्याला साधारण चालणार नव्हतं. पेट्यांचं वजन थोडं इकडे तिकडे धरलं तर पंधरा असतील, सतरा असतील. दीपकला पुन्हा फोन लावला तर तो घाबरून हो म्हणाला. म्हणाला, लाभ तर देवना, तो कसा मोजाना? मग म्हणाला, पण एक-दोन शेकड्याला म्हटलं नसेल, ताई, माले याद नही. मग रडवेला झाला. मोहिनीला वाटलं, आपण त्याच्याकडून पाहिजे ते वदवून घेऊ. म्हणून तिनं फोन ठेवला.

साडेबारा.

स्वयंपाकघराच्या दारात किरण उभी होती. मघापासून सगळं ऐकत होती. दोघी जावा आखाजीच्या त्या वादापासून कामापुरत्याच बोलत होत्या.

"खोके किती आले होते?" किरण म्हणाली.

"काय, ताई?"

"कोरे खोके. घडीचे. ते मोजून येतात ना कारखान्यातून? आले किती, उरले किती. मधले गेले. लाभ म्हणा नाहीतर नका म्हणू."

शेड घरामागे, केळी धुण्याच्या हौदापलीकडे होतं. दोघी गेल्या. ऋतिकाला सुनंदाबाईंनी घेतलं. या खेपेच्या खोक्यांची पावती खिळ्याला टोचलेली होती: बत्तीस गठ्ठे, पन्नासाचा एक, सोळाशे. कोपऱ्यात उरलेले खोके भिंतीला टेकून उभे होते आणि फाटलेले वेगळे, सुतळीनं बांधलेले.

"तू मोज," किरण म्हणाली. "मी पण मोजते. मोठ्यानं नको. मग सांगू."

शेडमध्ये हौदाच्या नळाचं थेंब थेंब पाणी पडत होतं. मोहिनीनं मोजताना एकदाही लाभ म्हटलं नाही. एकपासून सुरुवात केली आणि मनात कानबाईची माफी मागितली.

"सदतीस," किरण म्हणाली.

"सदतीस. आणि फाटके सहा."

"त्रेचाळीस. म्हणजे गेले पंधराशे सत्तावन्न."

सत्तावन्न. सतरा जास्त. मोहिनी खोक्यांना हात टेकून उभी राहिली. दोन हिशेब, दोन आकडे, मध्ये एक पेटी. एका पेटीसाठी दार उघडतील का? उघडतील. खोटी माहिती एका पेटीचीही खोटीच. तिनं पुन्हा मोजले. सदतीस. किरणनं फाटक्यांची सुतळी सोडून ते पसरून मोजले. सहा.

"कोणी नेलं असेल एखादं," किरण म्हणाली. "मजुरांनी भाकरी बांधायला."

"असेल म्हणून चालत नाही, ताई."

"मग आठव. शेडमध्ये कोण कोण आलं गुरुवारनंतर?"

"कोणीच नाही. मीच काल..."

मोहिनी बोलता बोलता थांबली. घरातल्या प्रत्येकाच्या हालचालीवर जिचं लक्ष, पोरीनं रात्री कितीदा कूस बदलली ते जिला सांगता येतं, ती काल दुपारी स्वतः इथे आली होती. ऋतिकाला ताप, झोळीत राहीना, जमिनीवर ठेवावी तर ओल. तिनं एक खोकं घेतलं, टेप लावला, आत दुपटं घातलं.

ती धावत घरात गेली, मागून पावती घेऊन किरण. खोकं खाटेखाली होतं. ऋतिका त्यात बसायची, त्याची कड चावायची. एक कोपरा पोरीच्या दातांनी ओला होऊन फुगला होता. बाजूला छापील केळीचा घड आणि त्याखाली खोडता न येणारं नाव: तोताराम झुलाल.

"अडतीस," मोहिनी म्हणाली. "अडतीस आणि सहा चव्वेचाळीस. पंधराशे छप्पन्न."

आता नवीन दाराशी आला होता. त्यानं पाठमोऱ्या किरणकडे बघितलं, तिच्या हातातल्या पावतीकडे बघितलं.

"दोन्हीकडून तेच येतंय, भाऊ," मोहिनी म्हणाली. "वजनावरून सोळा, खोक्यांवरून सोळा. मोजणीचं कारणही कळलं."

"काय कारण लिहिणार? लाभ?" तो हसला, पण ते हसणं पुढे गेलं नाही. "कस्टमच्या साहेबाला सांगणार, आमच्यात दोन प्रकारे मोजतात?"

"काडी द्या, भाऊ."

"आणि आणखी एखादं खोकं कुठे गेलं असेल तर? कोणाच्या माळ्यावर? कोणाच्या चुलीत? मोहिनी, तुला कालचं आठवलं नव्हतं. गुरुवारचं कोणाला आठवेल?"

हीच भीती तिच्याही पोटात होती, अगदी याच शब्दांत.

किरण वळली. नवऱ्याच्या समोर गेली आणि तिनं हात पुढे केला. "मी मोजलेत तिच्याबरोबर," ती म्हणाली. "चुकलं तर दोघींचं."

"तू कधीपासून..."

"द्या ना. टोचत असेल खिशात."

नवीननं बायकोच्या हाताकडे बघितलं, मग ओट्याकडे. आबा उठून आत आले होते आणि लॅपटॉपसमोर, पाटावर बसावं तसे, मांडी घालून बसले होते. त्यांच्या पुढ्यात सुपारीचं खांड तसंच पडलं होतं.

"दे रे," आबा म्हणाले. "आन् तू बी बस इथं. मागच्या वेळेस बी तूच व्हता."

नवीन बसला. काडी त्यानं स्वतःच लावली. हळदीमुळे ती नीट बसेना; काढली, फुंकली, परत लावली.

दुरुस्तीचं पान उघडायला वेळ लागत होता. पडद्यावरचा गोल फिरत होता. दीड वाजला होता. मोहिनीनं पेट्यांच्या रकान्यात पंधराशे छप्पन्न टाकलं. वजन टाकलं, बंदराच्या काट्याचं, हितेंद्रनं पावतीचा फोटो पाठवला होता ते. या एका पानावरून ते आता सगळीकडे जाणार होतं: कस्टम, जहाज कंपनी, झाडांना रोग नसल्याचा दाखला देणारं खातं, बँक, तिकडचा खरेदीदार. पूर्वी याला आठ दिवस लागायचे. आता एक बटण. तिला सात माणसांची आठवण आली, एकमेकांच्या चुका धरणाऱ्या, चहा पिणाऱ्या, उद्या या म्हणणाऱ्या. क्षणभर ती माणसं तिला हवी होती.

मग रकाना आला: फरकाचं कारण. मोजणीतील चूक, तिनं लिहिलं. आणि त्याखाली: मोजणी करणाऱ्याचं नाव.

तिची बोटं थांबली.

दीपकचं नाव इथे पडलं की ते कायमचं पडलं. पुढच्या वेळी कुठल्याही गाडीच्या कागदावर तो दिसला तर संगणक लाल होणार. तो नोकरी शोधत होता. जळगावच्या निर्यातदारांकडेच शोधत होता. हे तिनंच त्याला सुचवलं होतं.

"काय थांबली?" आबा म्हणाले.

तिनं वाचून दाखवलं. नवीननं तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळचा नवीन असता तर एवढ्यात बोलला असता.

"मी लिहिते माझं," मोहिनी म्हणाली. "गुणाकार माझाच होता."

"तू व्हती का शेडवर?"

"नव्हते."

"मंग खोटं कशाले लिहते? आत्ताच खोट्याचं भेव वाटून ऱ्हायलं व्हतं ना सगळ्याले?" आबांनी चष्मा पुसला. "गुरुवारी गाडीची पूजा कोनं केली? नारय कोनं फोडला? पयली पेटी कोनं उचलून दिली त्या पोराच्या हातात? मी. आन् म्हटलं, म्हन लाभ. त्यानं म्हटलं." त्यांनी सुनंदाबाईंकडे बोट केलं. त्या दारात नातीला घेऊन उभ्या होत्या. "ही तुमची सासू चाळीस वर्सं मलेच लाभ म्हनून मापते. तर लाभाची चूक झाली, ते माही झाली. मोजनी माह्या सांगन्यावरून सुरू झाली. टाक नाव."

"आबा, परवाना तुमच्या नावावर आहे," नवीन म्हणाला. "चूकही तुमच्या नावावर..."

"मंग एकाच मानसाच्या नावावर दोन गोष्टी. यंदा झ एकच आहे ना?" त्यांनी पडद्याकडे वाकून बघितलं. "एकच आहे."

सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या की आणखी काय, ते दिसलं नाही.

मोहिनीनं नाव टाकलं. आबांचा अंगठा तिनं बटणावर नेऊन ठेवला. दाबला तो नवीननं, वरून, स्वतःच्या अंगठ्यानं.

'विचाराधीन.'

दोन वाजता विचाराधीन. अडीच वाजता विचाराधीन. हितेंद्रचा फोन आला: साहेब जेवायला गेलेत. मग आला: आलेत, बघतायत. मग बराच वेळ आला नाही. किरणनं सगळ्यांना वाढलं, कोणी नीट जेवलं नाही. नवीन अंगणात फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीला दारातून आत बघत होता, पडद्याकडे नाही, आबांकडे. ऋतिका खोक्यात बसून खोक्याची कड चावत होती. तिचा ताप परत चढला होता, आता खात्रीनं.

सव्वातीनला पडदा बदलला. मोहिनीनं दोनदा वाचलं, मग नवीनला वाचायला दिलं, कारण तिला स्वतःवर विश्वास नव्हता.

"मंजूर," नवीन म्हणाला. "वजनाशी आकडा जुळतो. दार उघडायची गरज नाही." तो खाली बसला, उंबऱ्यावरच, ज्यावर बसू नये म्हणून सुनंदाबाई सगळ्यांना ओरडत. आज ओरडल्या नाहीत. चार वाजून चाळीस मिनिटांनी हितेंद्रचा फोन आला, एकच वाक्य: कंटेनर गेला आत.

आबांनी सुपारीचं खांड उचललं. कातरलं नाही, नुसतं धरलं. "तिकडं किती दिवसांनी उघडतीन?"

"नऊ," मोहिनी म्हणाली. "खरेदीदार उघडणार. तेव्हा मोजतील."

"मंग आज काय झालं?"

"आज दार उघडलं नाही, आबा. एवढंच झालं."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना कळलं.

मधल्या खोलीत सुनंदाबाई तिसऱ्यांदा मापायला बसल्या. गहू परत ओतले, सूप पुढे ओढलं, माप भरलं आणि हात हवेतच ठेवून दाराकडे बघितलं. फोन आता वाजू नये, पोर आता रडू नये. "लाभ," त्या हळूच म्हणाल्या.

मोहिनी खाटेवर पोरीला औषध पाजत होती. आतमध्ये माप पडत होतं: दोन, तीन, चार. ऋतिकाचं नाव त्यात येणार नव्हतं, मुलींचं येत नाही. ओलं फडकं कपाळावर ठेवून तिनं पोरीची मूठ उघडली. इवलीशी, गरम, कागदाच्या लगद्यानं चिकट झालेली. त्या बोटांवर तिला नऊ दिवस मोजायचे होते.

तिनं अंगठा धरला.

"लाभ," ती म्हणाली.

आणि तिथेच थांबली. आजचा दिवस धरायचा होता, की सोडायचा?